विश्लेषण : रेल्वेखाली मृत्यू, पण भरपाई कोणाला? कायद्यातील 'प्रवासी' आणि 'अपघात' या शब्दांवर काय ठरते?

हिंगोली स्थानकावर तिकीट काढून गाडीत चढताना एक जण पडतो आणि चाकाखाली येतो. स्थानकापासून काही अंतरावर शेतातून घरी लवकर पोहोचावे म्हणून रुळावरून चालणाऱ्या दुसऱ्याला तीच गाडी धडक देते. गावात दोन्ही घरी एकच निरोप जातो, 'रेल्वेखाली आला'. वर्तमानपत्रातही दोन्ही बातम्या 'रेल्वे अपघात' याच मथळ्याखाली येऊ शकतात. रेल्वे कायद्याच्या लेखी मात्र या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिल्या घरातील वारसांना आठ लाख रुपयांची भरपाई कायद्याने मागता येते. दुसऱ्या घरासाठी त्या कायद्यात भरपाईचे कलमच नाही.

हा फरक काही शब्दांच्या व्याख्यांमुळे पडतो. 'प्रवासी', 'अपघात', 'अनुचित घटना', 'अवलंबित' हे शब्द रोजच्या बोलण्यात एका अर्थाने येतात आणि रेल्वे कायदा, १९८९ मध्ये दुसऱ्या. पूर्णा–हिंगोली–अकोला मार्गावरून ये-जा करणाऱ्या आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या प्रत्येकाने हे अर्थ माहीत करून घ्यायला हवेत.

'प्रवासी' कोणाला म्हणायचे?

कायद्याच्या कलम २ मधील व्याख्या एका ओळीची आहे. वैध पास किंवा तिकीट घेऊन प्रवास करणारी व्यक्ती म्हणजे प्रवासी. गाडीत बसलेला प्रत्येक जण नव्हे.

भरपाईसाठी मात्र कलम १२४-अ मध्ये ही व्याख्या थोडी रुंद केली आहे. कामावर असलेला रेल्वे कर्मचारी तेथे प्रवासी धरला जातो. कोणत्याही तारखेचे वैध तिकीट घेतलेली व्यक्ती आणि वैध फलाट तिकीट घेतलेली व्यक्तीही त्यात येते. म्हणजे पाहुण्यांना सोडायला स्थानकावर आलेल्या आणि फलाट तिकीट काढलेल्या माणसालाही, ठरावीक प्रसंगी, प्रवाशाचा हक्क मिळतो. फलाट तिकीट न काढता आत गेलेल्याला तो मिळत नाही.

मग 'अपघात' म्हणजे काय?

कायद्यातील 'अपघात' हा माणसाचा नसून गाडीचा असतो. कलम १२४ नुसार दोन गाड्यांची टक्कर (त्यातील किमान एक प्रवासी गाडी हवी), प्रवासी गाडी किंवा तिचा भाग रुळावरून घसरणे किंवा अशा गाडीला झालेला अन्य अपघात एवढ्याच गोष्टी यात येतात. अशा अपघातात प्रवासी दगावला किंवा जखमी झाला, तर रेल्वेची चूक होती की नव्हती हे न पाहता भरपाई द्यावी लागते.

गाडी सुखरूप पुढे गेली आणि माणूस खाली पडला, तर या कलमाच्या अर्थाने तो 'अपघात' ठरत नाही. बरीच वर्षे कायद्यातील मोठी उणीव हीच होती. ती भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये दुरुस्ती झाली आणि 'अनटुवर्ड इन्सिडेंट' हा नवा शब्द कायद्यात आला. मराठीत त्याला सर्रास 'अनुचित घटना' म्हटले जाते.

'अनुचित घटने'त काय येते?

कलम १२३ मध्ये तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात दहशतवादी कृत्य, हिंसक हल्ला, लूट, दरोडा, दंगल, गोळीबार आणि जाळपोळ यांचा समावेश आहे. या घटना प्रवासी गाडीत, प्रतीक्षालयात, तिकीट खिडकीजवळ, फलाटावर किंवा स्थानकाच्या आवारात कोठेही घडलेल्या असू शकतात.

दुसरा भाग एका ओळीचा आहे : प्रवासी गाडीतून प्रवाशाचे अपघाताने खाली पडणे.

कुटुंबांचे दावे मोठ्या प्रमाणावर या एका ओळीवर उभे असतात. त्यातला प्रत्येक शब्द तपासला जातो. माणूस 'प्रवासी' होता का? तो 'प्रवासी गाडीतून' पडला का? आणि पडणे 'अपघाताने' झाले का? फलाटावर चालताना तोल जाऊन रुळावर पडलेला माणूस या ओळीत सहज बसत नाही, कारण तो गाडीतून पडलेला नसतो.

भरपाई नाकारण्याची कारणेही कायद्यात मोजून दिली आहेत : आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशेत किंवा वेडाच्या भरात केलेली कृती आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. 'निष्काळजीपणा' हा शब्द या यादीत नाही.

दारात उभे राहणे ही प्रवाशाचीच चूक नाही का?

रेल्वेकडून हा युक्तिवाद वारंवार होतो. सर्वोच्च न्यायालयाने तो बहुतांशी फेटाळला आहे.

केरळमधील वर्कला स्थानकावर गाडीत चढताना पडून मरण पावलेल्या एका महिलेच्या प्रकरणात २००८ मध्ये निकाल आला. गाडीत अजून नीट चढलेलीच नाही ती 'गाडीतून पडली' असे कसे म्हणायचे, असा प्रश्न होता. हा कायदा लोकांच्या हितासाठी आहे. त्यामुळे शब्दाचे दोन अर्थ निघत असतील तर पीडिताच्या बाजूचा, व्यापक अर्थ घ्यायला हवा, असे न्यायालयाने म्हटले. चढताना पडणे हेही गाडीतून पडणेच ठरले.

२०१० च्या जमीला प्रकरणात डब्याच्या उघड्या दारात उभे राहण्याचा मुद्दा होता. ते निष्काळजीपणाचे असू शकते, पण ते 'गुन्हेगारी कृत्य' नाही, म्हणून भरपाई नाकारता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. ९ जून २०२५ रोजी मुंब्रा येथे शेजारून जाणाऱ्या दोन लोकल गाड्यांच्या दारांतून प्रवासी खाली पडले आणि किमान चार जणांचा जीव गेला, तेव्हा हा निकाल किती महत्त्वाचा आहे ते पुन्हा लक्षात आले.

तिसरा निकाल ९ मे २०१८ चा, रीना देवी प्रकरणातील. त्यात चार गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, चढता-उतरताना झालेला मृत्यू ही अनुचित घटना आहे. दोन, 'स्वतःहून करून घेतलेली इजा' म्हणायला तसा हेतू लागतो, नुसता निष्काळजीपणा पुरत नाही. तीन, रुळाजवळ मृतदेह सापडला एवढ्यावरून ती व्यक्ती प्रवासी ठरत नाही. चार, मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता, असेही म्हणता येत नाही. कुटुंबाने आधी प्रतिज्ञापत्रावर वस्तुस्थिती मांडायची, मग ती खोडून काढण्याची जबाबदारी रेल्वेवर जाते.

रुळावरून चालणारा कायद्याच्या भाषेत कोण?

हिंगोली ज्या नांदेड विभागात येते, त्याच विभागात करमाड आणि बदनापूर स्थानकांदरम्यान ८ मे २०२० च्या पहाटे देशाला हादरवणारी घटना घडली. टाळेबंदीत जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातील मजूर थकून रुळावर झोपले होते. मालगाडीखाली त्यातील १६ जणांचा मृत्यू झाला.

कायद्यातील व्याख्या एकेक करून लावून पाहू. ते 'प्रवासी' होते का? तिकीट नव्हते, म्हणून नाही. 'अपघात' झाला का? टक्कर नाही, गाडी घसरली नाही, शिवाय ती मालगाडी होती. म्हणून नाही. 'अनुचित घटना'? ते गाडीतून पडले नव्हते. म्हणून तेही नाही.

मग ते होते कोण? कलम १४७ नुसार अधिकाराशिवाय रेल्वेच्या कोणत्याही भागात शिरणे हा गुन्हा आहे. आणि 'रेल्वे' या शब्दाची व्याख्या फक्त रुळांपुरती नाही. कुंपणाच्या किंवा हद्दीच्या खुणांच्या आतील सगळी जमीन, साइडिंग, यार्ड आणि विजेच्या वाहिन्यांची यंत्रणा हे सगळे त्यात येते. घरी निघालेले मजूर कायद्याच्या भाषेत 'घुसखोर' ठरत होते.

त्यांच्या कुटुंबांसाठी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांनी प्रत्येकी पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली. ही मदत होती, हक्काची भरपाई नव्हे. मदत सरकारच्या निर्णयावर अवलंबून असते. ती किती द्यायची आणि द्यायची की नाही, हे सरकार ठरवते. भरपाई मात्र न्यायाधिकरणात दावा करून मागता येते. हद्दीत शिरलेल्या व्यक्तीच्या वारसांना दिवाणी न्यायालयात दाद मागता येते, पण तेथे रेल्वेचा निष्काळजीपणा त्यांनाच सिद्ध करावा लागतो.

खाली उतरलेला प्रवासी, प्रवासीच राहतो का?

२२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ परधाडे येथे वेगळाच पेच उभा राहिला. लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. साखळी ओढली गेली आणि प्रवासी खाली उतरले. शेजारच्या रुळावरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसने त्यांना धडक दिली. किमान १२ जणांचा मृत्यू झाला.

हे लोक तिकीट घेतलेले प्रवासी होते. पण ते गाडीतून 'पडले' नव्हते, उतरले होते. त्यांच्या गाडीची टक्करही झाली नव्हती. कायद्याची चौकट या प्रसंगाला सरळ बसत नाही. प्रवाशाच्या बाजूने व्यापक अर्थ घेण्याचे २००८ चे तत्त्व अशा वेळी कामी येऊ शकते.

रेल्वेने मृतांच्या वारसांना दीड लाख रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर केले. ही रक्कम कोठून आली, ते पाहण्यासारखे आहे. १८ सप्टेंबर २०२३ पासूनच्या दरांनुसार रेल्वे गाडीच्या अपघातातील मृत्यूसाठी पाच लाख आणि अनुचित घटनेतील मृत्यूसाठी दीड लाख रुपये तातडीची मदत देते. परधाडे येथील रक्कम दुसऱ्या दराशी जुळते. तातडीच्या मदतीतही घटनेला कोणते नाव मिळते, यावर साडेतीन लाखांचा फरक पडतो. त्याच नियमांत हद्दीत शिरलेल्यांना आणि विजेच्या वाहिन्यांचा धक्का लागलेल्यांना हे अनुदान नाही.

फाटकावर धडक झाली तर?

रस्ता आणि रूळ एकाच पातळीवर जेथे एकमेकांना छेदतात, ते कायद्यातील 'लेव्हल क्रॉसिंग'. देशातील ब्रॉडगेज मार्गांवरील सर्व मानवरहित फाटके जानेवारी २०१९ अखेर हटवण्यात आली. आता उरली ती माणूस असलेली फाटके, भुयारी मार्ग आणि पूल. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे वापरलेली पायवाट कितीही जुनी असली, तरी ती आपोआप 'क्रॉसिंग' होत नाही. तेथून जाणे म्हणजे रेल्वेच्या हद्दीत शिरणे.

बंद फाटक उघडणे किंवा तोडणे हा कलम १६० खाली स्वतंत्र गुन्हा आहे. उघडण्यासाठी तीन वर्षांपर्यंत आणि तोडण्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. बंद फाटकाखालून दुचाकी वाकवून काढणाऱ्यालाही रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरल्याचे कलम लागू शकते.

फाटकावर गाडीने धडक दिलेला ट्रॅक्टर, जीप किंवा दुचाकीवरील माणूस रेल्वेचा 'प्रवासी' नसतो. त्यामुळे त्याचे प्रकरण रेल्वे दावा न्यायाधिकरणात जात नाही. रेल्वे आणि मोटार वाहन यांच्या टकरीत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले आहे. चुकीच्या दारात अर्ज करून वर्ष वाया घालवण्यापेक्षा हे आधीच माहीत असलेले बरे.

आकडेवारीत हे मृत्यू दिसतात का?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात देशात १७,९९३ रेल्वे अपघात आणि त्यात १६,४३१ मृत्यू नोंदले आहेत. यातील साधारण एक पंचमांश अपघात महाराष्ट्रातील होते. रेल्वेच्या हिशेबात मात्र २०२१-२२ या आर्थिक वर्षात गंभीर परिणाम करणारे गाड्यांचे अपघात ३५ होते.

दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. वर्षाची मोजणी थोडी वेगळी आहे, पण एवढी तफावत त्यामुळे पडत नाही. रेल्वे टक्कर, घसरणे, आग, फाटकावरील धडक अशा घटना मोजते. गुन्हे नोंद विभाग गाडीतून पडलेले आणि रुळावर धडक बसलेले लोकही मोजतो, आणि अशा घटनांचे प्रमाण सर्वाधिक आहे. ज्येष्ठ शास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्येच सांगितले होते की, रूळ ओलांडताना वर्षाला जवळपास १५ हजार लोक मरतात. हे मृत्यू अपघातांच्या हिशेबाबाहेर ठेवण्यावरही समितीने कठोर शब्दांत बोट ठेवले होते.

चौकशीचेही असेच. गाड्यांच्या गंभीर अपघातांची चौकशी करणारे रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, म्हणजे चौकशी करणारा रेल्वेच्या बाहेरचा असावा. पण कलम ११४ नुसार त्यांची चौकशी प्रवासी गाडीच्या अपघाताशी जोडलेली आहे. रुळावर एकेकट्याने मेलेल्या माणसाच्या वाट्याला ती येत नाही. करमाडच्या घटनेत सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली, ती सरकारने तशी घोषणा केली म्हणून.

भरपाई कोण मागू शकतो?

येथे 'अवलंबित' ही व्याख्या येते. पत्नी, पती, मुलगा, मुलगी यांना सरळ हक्क आहे. मृत व्यक्ती अविवाहित किंवा अल्पवयीन असेल तर आई-वडिलांनाही. मृत विवाहित असेल, तर आई-वडील त्याच्या कमाईवर पूर्ण किंवा अंशतः अवलंबून होते हे दाखवावे लागते. लहान भाऊ, अविवाहित किंवा विधवा बहीण, विधवा सून यांनाही अवलंबून असल्यास मागता येते. कमावता सज्ञान भाऊ या यादीत नाही. एकत्र कुटुंबात तोच धावपळ करत असला, तरी अर्ज त्याच्या नावाने चालत नाही.

मृत्यूसाठीची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून चार लाखांवरून आठ लाख झाली. जखमींसाठी इजेनुसार रकमांचा तक्ता आहे. अर्जाची मुदत घटनेपासून एक वर्ष आहे. उशिराचे सबळ कारण दिल्यास न्यायाधिकरण तो माफ करू शकते. तिकीट जेथे काढले, घटना जेथे घडली, जेथे उतरायचे होते किंवा अर्जदार जेथे राहतो, यापैकी कोणत्याही ठिकाणच्या खंडपीठाकडे अर्ज करता येतो. निकाल मान्य नसल्यास ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते.

कुटुंबाने पहिल्या काही दिवसांत काय करावे?

- तिकीट किंवा पास जपून ठेवा. मोबाइलवर काढले असेल तर आरक्षणाचा संदेश, व्यवहाराची नोंद आणि ज्या क्रमांकावरून तिकीट काढले तो क्रमांक सांभाळा. मोबाइल फुटला तरी तिकीट काढल्याची नोंद मागवता येते.

- सोबतचे प्रवासी, स्थानकावर सोडायला आलेले नातेवाईक यांची नावे आणि क्रमांक लिहून घ्या. तिकीट सापडले नाही तर त्यांचे म्हणणेच प्रतिज्ञापत्राचा आधार होते.

- स्टेशन मास्तरांनी दिलेला मेमो, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि रुग्णालयाची कागदपत्रे यांच्या प्रती घ्या. पंचनामा लोहमार्ग पोलीस करतात, ते राज्याचे. रेल्वे सुरक्षा बल हे रेल्वेचे असते आणि तेही स्वतंत्र तपास करते. दोन्हीकडील कागद वेगळे असतात.

- पंचनाम्यात मृतदेह कोठे, कोणत्या स्थितीत सापडला हे नीट वाचा. 'रूळ ओलांडताना' आणि 'गाडीतून पडून' हे दोन शब्दप्रयोग पुढे संपूर्ण दाव्याची दिशा ठरवतात. नोंद चुकीची वाटली तर लगेच लेखी हरकत द्या आणि तिची पोच घ्या.

- ऑनलाइन तिकीट काढताना प्रवास विमा निवडला होता का, ते तपासा. काही पैशांच्या हप्त्यात मृत्यूसाठी दहा लाखांपर्यंतचे संरक्षण असते. तेथेही 'अपघात' आणि 'अनुचित घटना' यांची व्याख्या रेल्वे कायद्याचीच लागू होते.

- तातडीच्या मदतीसाठी रेल्वेचा १३९ हा क्रमांक आहे. सानुग्रह अनुदान स्वीकारले म्हणून न्यायाधिकरणातील दावा संपत नाही.

व्याख्या माहीत असल्याने अपघात टळत नाही, हे खरे. पण फलाट तिकिटाचे दहा रुपये, दोन स्थानकांपुरते काढलेले तिकीट आणि भुयारी मार्गाने घातलेला वळसा यांची किंमत त्यामुळे वेगळी दिसते. तिकीट काढले नाही तर दंड होतो, एवढेच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या दिवशी काही विपरीत घडले, तर मागे राहिलेल्या माणसांचा हक्कही त्या तिकिटाबरोबरच गेलेला असतो.